चाळीस एकरांचा चौकोन

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. हे कोष्टक शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला शाळेत येण्याआधीच ठाऊक असते. पण 'गुंठा एवढाच का?' असे त्याने वर्गात विचारले, तर आपण काय सांगणार? गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आकडा विचित्र दिसतो खरा. पण त्याचे वर्गमूळ काढले की कोडे सुटते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. हे ३३ फूट आले मोजणीच्या साखळीतून. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील जमीन ज्या साखळीने मोजली गेली तिची लांबी ३३ फूट होती आणि तिचे सोळा 'आणे' पाडलेले होते.

ही साखळी लांबीने दुसऱ्या एका साखळीच्या बरोबर निम्मी आहे. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२०च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी तयार केली. अशा ८० साखळ्या म्हणजे एक मैल आणि १० चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. जमीन साखळ्यांत मोजायची, गुणाकार करायचा आणि दहाने भागायचे, की एकर मिळाले. फारसे न शिकलेल्या मोजणीदारालाही हे जमण्यासारखे होते.

याच गंटरच्या साखळीने एका प्रचंड देशाचा मोठा भाग आखून काढला. ती आखणी इतकी नीटनेटकी होती की तिच्या चौकोनांत माती कशी आहे, हे विचारायचे राहून गेले. त्या चुकीची किंमत विस्कॉन्सिन नावाच्या राज्यातील साध्या शेतकरी कुटुंबांनी मोजली आणि शेवटी तिथल्या ग्रामीण लोकांनाच 'या जागी कोणी राहू नये' असा नियम करावा लागला. १९३३ सालच्या त्या नियमाची ही हकीकत. ती शिक्षकांना सांगावीशी वाटते, याचे एक खास कारण आहे. या गोष्टीत शाळेला महत्त्वाचे स्थान आहे.

साखळीने आखलेला देश

१७८३ साली अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले. नव्या सरकारजवळ पैसा नव्हता, कर्ज मात्र होते. होती ती पश्चिमेकडील जमीन. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या मूळ रहिवासी राहत होते. पण सरकारच्या लेखी ती विकाऊ जमीन होती. विकायची तर आधी मोजायला हवी. २० मे १७८५ रोजी त्यासाठी एक कायदा मंजूर झाला.

या कायद्याची पद्धत अगदी भूमितीच्या पुस्तकातली आहे. जमिनीवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेषा आखायच्या. सहा मैल बाजूचा चौरस म्हणजे एक टाऊनशिप. तिचे एकेक मैल बाजूचे ३६ तुकडे, त्यांना म्हणायचे सेक्शन. एका सेक्शनचे क्षेत्र ६४० एकर. पुढे सेक्शनचे चार भाग केले, १६० एकरांचे. आणि त्यांचेही पुन्हा चार, ४० एकरांचे. हा चाळीस एकरांचा तुकडा म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यातला रोजचा शब्द झाला. आपण 'दोन एकर विकले' म्हणतो, तसा तो 'एक चाळीस विकली' म्हणतो.

३६ सेक्शनांपैकी १६ क्रमांकाचा सेक्शन सार्वजनिक शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवावा, असे याच कायद्यात म्हटले होते. रस्ता नाही, वस्ती नाही, पण नकाशावर शाळेचा चौकोन आधीच आखलेला!

पृथ्वी गोल असल्यामुळे या चौकोनांत एक अडचण होती. उत्तर-दक्षिण रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात. ४५ अंश अक्षांशावर सहा मैल बाजूच्या टाऊनशिपची उत्तरेकडील बाजू दक्षिणेकडील बाजूपेक्षा सुमारे ४८ फुटांनी आखूड भरते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्रिकोणमिती वापरून हा आकडा काढून पाहता येईल. मोजणीदारांनी ही तूट टाऊनशिपच्या कडेच्या तुकड्यांत ढकलली आणि ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा आखून पुन्हा नव्याने सुरुवात केली. थोडक्यात, पृथ्वीच्या गोलाईची दखल घेतली गेली. तिच्या मातीची मात्र नाही.

जंगल गेले, चौकोन उरले

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर सीमेजवळचे, मोठ्या सरोवरांच्या कुशीतले राज्य. त्याच्या उत्तर भागातील बहुतेक जमीन ओजिब्वे लोकांकडून १८३७ आणि १८४२च्या तहांनी सरकारने मिळवली. १८३२ ते १८६६ या काळात साऱ्या राज्याची चौकोनी मोजणी पुरी झाली.

या मोजणीच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत आणि आम्हा शास्त्रज्ञांना त्यांचा फार उपयोग होतो. दर अर्ध्या मैलावर मोजणीदार एक खुंट ठोकीत असे. खुंट हरवला तर जागा सापडावी म्हणून जवळच्या झाडांची जात, खोडाचा व्यास, खुंटापासूनचे अंतर आणि दिशा तो वहीत टिपून ठेवी. अशा हजारो नोंदी जुळवून पर्यावरण-शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात, वसाहतीपूर्वी तिथे कोणते जंगल होते याचा नकाशा तयार केला. मोजणीदार जमिनीचा दर्जाही लिहीत: पहिल्या प्रतीची, दुसऱ्या प्रतीची, तिसऱ्या प्रतीची. म्हणजे माहिती होती, पण ती वहीतच राहिली. जमीन तिसऱ्या प्रतीची आहे म्हणून चौकोन मोठा झाला नाही, की विक्री थांबली नाही.

या जंगलात पांढरा पाइन नावाचा उंच, सरळ, हलका वृक्ष विपुल होता. त्याचे ओंडके नदीत तरंगत जात, त्यामुळे वाहतूक स्वस्त पडे. १८६०नंतरच्या साधारण चाळीस-पन्नास वर्षांत लाकूड कंपन्यांनी हे जंगल जवळजवळ संपवले. मागे राहिले बुंधे, वाळलेल्या फांद्यांचे ढीग आणि वणवे. ८ ऑक्टोबर १८७१च्या रात्री पेश्तिगो या गावाला वेढणाऱ्या वणव्यात बाराशेहून अधिक माणसे मेली. नेमक्या त्याच रात्री शिकागो शहरालाही आग लागल्याने पेश्तिगोचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

झाडे संपल्यावर कंपन्यांना रिकाम्या जमिनीवर कर भरत बसण्यात रस नव्हता. ती शेतीसाठी विकावी हे उघड होते. राज्य सरकारलाही वस्ती हवी होती. विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाचे प्रमुख विल्यम हेन्री यांनी विधिमंडळाच्या सांगण्यावरून उत्तर विस्कॉन्सिनची पाहणी केली आणि १८९६ साली घर शोधणाऱ्यांसाठी एक सचित्र पुस्तिका प्रसिद्ध केली. दक्षिण विस्कॉन्सिनात जंगल तोडून उत्तम शेती झाली होती, तशी उत्तरेतही होईल, अशी त्यांची खात्री होती. हेन्री लबाड नव्हते. ते चांगले शास्त्रज्ञ होते. पण एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या मातीला जसाच्या तसा लावला, की चांगल्या शास्त्रज्ञाचेही चुकते.

उत्तरेची माती हिमनदीने आणून टाकलेली. कुठे नुसती वाळू, कुठे दगडगोट्यांचा खच, कुठे दलदल. मधूनमधून चांगल्या मातीचे पट्टे होते, पण ते शोधावे लागत. कडाक्याचे दव न पडणारे दिवस वर्षात साधारण शंभर-सव्वाशे. खोलगट जागी त्याहूनही कमी. शिकागो आणि मिलवॉकीच्या कारखान्यांतले पोलिश मजूर, फिनलंड, जर्मनी, नॉर्वे येथून आलेली कुटुंबे साठवलेली पुंजी घेऊन येत आणि एक 'चाळीस' विकत घेत. नकाशावर सगळे चौकोन सारखेच दिसतात. मग सुरू होई बुंधे उपटण्याचे काम. वर्षभर राबून एखाद-दोन एकर मोकळे होत. पहिल्या महायुद्धात उरलेली स्फोटकेसुद्धा या कामासाठी स्वस्तात वाटली गेली. बुंधा निघाल्यावर खाली जर वाळू लागली, तर सारी मेहनत पाण्यात.

काही वर्षांपूर्वी मातीवरील संशोधनाच्या निमित्ताने मी विस्कॉन्सिनात होतो. नमुने घ्यायला उत्तरेच्या जंगलात गेलो असता दाट झाडीत अचानक लायलॅकची फुललेली झुडपे दिसली. हे झुडूप तिथल्या जंगलातले नव्हे, अंगणातले. आपल्याकडे निर्जन माळावर तुळशीवृंदावन दिसावे तसे वाटले. जवळच घराच्या पायाचे दगड होते आणि थोड्या अंतरावर शेतातून वेचून रचलेल्या गोट्यांची लांब रास. किती पावसाळे, किती हिवाळे कोणी ते गोटे वेचले असतील? मी तिथे मातीचा नमुना घेतला. एक वीतभर काळसर थर आणि त्याखाली वाळू.

बिल कोणी भरायचे?

१९२०नंतर शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्यांचे कर थकले, कंपन्यांनीही कर भरणे सोडले आणि लाखो एकर जमीन करवसुलीसाठी लिलावात निघू लागली. घ्यायला कोणी पुढे येईना, तेव्हा ती काउंटीच्या गळ्यात पडू लागली. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. तिचा कारभार निवडून आलेले मंडळ चालवते. तिच्या पोटात ग्रामीण कारभाराचे लहान घटक असतात, त्यांना विस्कॉन्सिनात 'टाऊन' म्हणतात. शहराशी याचा काही संबंध नाही. पुष्कळदा टाऊन म्हणजे सहा मैल बाजूचा तोच जुना चौकोन, आणि त्यात विखुरलेली घरे. रस्ते आणि शाळा यांचा बहुतेक भार स्थानिक करांवरच असे.

आता थोडे गणित करू. सहा मैल बाजूच्या टाऊनमध्ये चाळीस एकरांचे ५७६ तुकडे बसतात. समजा त्यांपैकी ३० तुकड्यांवर कुटुंबे राहतात. चाळीस एकरांच्या चौरसाची बाजू पाव मैल. ही ३० कुटुंबे एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारी-शेजारी असती, तर पावणेचार मैलांचा रस्ता पुरला असता आणि मुलांना एक शाळा पुरली असती. पण हीच कुटुंबे ३६ चौरस मैलांत इकडे एक, तिकडे एक अशी विखुरलेली असतील, तर? रस्ता कित्येक पटींनी वाढतो. हिवाळ्यात त्यावरचा बर्फ सतत उपसावा लागतो. शाळा एकाऐवजी तीन-चार लागतात, किंवा मुलांना दूरवरून गाडीने आणावे लागते. उदाहरणातील आकडे आपले आहेत, पण परिस्थिती अशीच होती.

मुलाला शाळा नाकारायची नाही, हे सर्वांना मान्य होते. पण त्या एका घरापर्यंत रस्ता आणि शिक्षक पोहोचवण्याचा खर्च त्या घराच्या साऱ्या जमिनीच्या करापेक्षा कितीतरी जास्त होई. कर वाढवला की शेजारचे थकबाकीत जात. ते गेले की उरलेल्यांवर आणखी बोजा. या चक्रातून बाहेर कसे पडायचे?

शहरातून आलेली कल्पना

या सुमारास शहरांत एक नवी पद्धत रुजत होती. शहराचा नकाशा घ्यायचा, त्याचे विभाग पाडायचे आणि कोणत्या विभागात कारखाना चालेल, कुठे फक्त घरे, इमारत किती उंच, हे आधीच ठरवून द्यायचे. न्यू यॉर्कने असा सर्वंकष नियम १९१६ साली केला. मालकीच्या जमिनीचा वापर असा ठरवून देणे घटनेत बसते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २२ नोव्हेंबर १९२६ रोजी निकाल नियमाच्या बाजूने लागला. ज्या गावाच्या नियमावरून हा खटला झाला, त्या ओहायो राज्यातील गावाचे नाव होते युक्लिड! जुन्या मोजणीदारांनी आपल्या दैवताचे, म्हणजे भूमितिकार युक्लिडचे नाव त्या जागेला दिले होते. तेव्हापासून अशा विभागवार नियमांना तिथे 'युक्लिडी' म्हणतात.

शहरासाठी केलेली ही युक्ती रानात चालेल का? विस्कॉन्सिनने १९२३ साली काउंट्यांना विभाग पाडण्याचा अधिकार दिला होता. १९२९ साली कायदा वाढवून शेती, वनीकरण आणि करमणूक यांसाठी कोणती जमीन वापरावी हेही काउंटीने ठरवावे, अशी तरतूद झाली. मात्र टाऊनच्या मंडळाने मान्यता दिल्याशिवाय तो नियम त्या टाऊनला लागू होणार नव्हता. ही अट महत्त्वाची ठरली. १९२७ साली झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने जंगल वाढवणाऱ्या मालकाला दरवर्षी भरमसाट कर न आकारता अगदी थोडी रक्कम आणि पुढे लाकूड कापताना कर, अशी सवलत दिली होती. जमिनीवर पुन्हा झाडे लावणे आता परवडण्याजोगे झाले.

नकाशा घेऊन गावोगावी

नियम करायचा तर माहिती हवी. राज्याने जमिनीची एक मोठी पाहणी सुरू केली. जॉन बोर्डनर हे तिचे प्रमुख, म्हणून ती बोर्डनर पाहणी या नावाने ओळखली जाते. माणसे पायी रान तुडवीत निघाली. कोणत्या तुकड्यावर कोणती झाडे, किती जाडीची, कुठे दलदल, कुठे पीक, कोणते घर राहते आणि कोणते ओस, कोणता रस्ता वापरात, हे सारे त्यांनी नकाशावर उतरवले. आधीच्या शतकातला मोजणीदार याच चौकोनांतून गेला होता. त्याने रेषा आखल्या होत्या. हे लोक रेषांच्या आत काय आहे ते पाहत होते.

मग विद्यापीठाचे कृषी-विस्तार अधिकारी हे नकाशे घेऊन टाऊन-टाऊनमध्ये सभा घेऊ लागले. विद्यापीठातील जॉर्ज वेरवाइन यांच्यासारखे जमिनीच्या अर्थशास्त्राचे अभ्यासक त्यांच्या पाठीशी होते. एका नकाशावर थकबाकीच्या जमिनी, दुसऱ्यावर चालू शेते, तिसऱ्यावर शाळा आणि रस्ते. हे नकाशे शेजारी-शेजारी ठेवले की फार भाषण करावे लागत नसे. कोणत्या रस्त्याच्या टोकाला एकच घर आहे, हे सभेतील प्रत्येकाला ठाऊक असे. त्यावर किती खर्च होतो, तो आकडा मात्र बहुतेकांनी प्रथमच पाहिलेला असे.

१६ मे १९३३ रोजी ओनायडा काउंटीने आपला नियम मंजूर केला. ग्रामीण जमिनीच्या वापराचे असे विभाग पाडणारी ती अमेरिकेतील पहिली काउंटी मानली जाते. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत राज्यातील वीसहून अधिक काउंट्यांनी तिचे अनुकरण केले.

नियम साधा होता. वन-विभाग म्हणून ठरवलेल्या जमिनीवर नव्याने शेती करायची नाही आणि बारमाही राहण्यासाठी घर बांधायचे नाही. जंगल वाढवावे, लाकूड कापावे, शिकारीची खोपी किंवा उन्हाळ्यापुरती कुटी बांधावी. याला हरकत नाही. बाकीच्या भागात असे बंधन नाही. आणि जे शेतकरी वन-विभागात आधीपासून राहत होते त्यांचे काय? त्यांना हाकलले गेले नाही. त्यांची नावनिशीवार यादी करून ती दप्तरात नोंदवली गेली. ते आणि त्यांची शेती तशीच चालू राहील. पण एकदा ती बंद पडली, की तिथे पुन्हा शेती सुरू करता येणार नाही. काही ठिकाणी काउंटीने अशा कुटुंबांना रस्त्याजवळची बरी जमीन अदलाबदलीत देऊ केली.

न्याय झाला का?

हा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि त्यांनी विचारावा. ज्याने खोट्या आशेवर जमीन घेतली, त्याचे नुकसान भरून निघाले नाही. जंगल कापून नफा मिळवणाऱ्या कंपन्या केव्हाच निघून गेल्या होत्या. पुस्तिका छापणाऱ्या सरकारने चूक दुरुस्त केली ती चाळीस वर्षांनी, आणि तीही नव्या माणसाला अडवून. रस्त्याच्या टोकाचे घर बहुधा गरिबाचेच असते, हेही खरे. दुसऱ्या बाजूने पाहता, नियम झाला नसता तर आणखी एखादे कुटुंब त्याच वाळूवर येऊन बसले असते. नियम वरून लादला नव्हता, टाऊनच्या संमतीने झाला, ही त्यातली जमेची बाजू. मात्र जे अजून आलेच नव्हते, त्यांना त्या सभेत मत नव्हते.

चौकोनांच्या बाहेर राहिलेल्या एका जंगलाची गोष्टही सांगायला हवी. याच राज्यात मेनॉमिनी या मूळ रहिवाशांचे राखीव क्षेत्र १८५४ सालापासून आहे. इतर अनेक राखीव क्षेत्रांतील जमीन १८८७च्या कायद्याने माणशी तुकड्यांत वाटली गेली आणि त्यातली पुष्कळ पुढे परक्यांच्या हाती गेली. मेनॉमिनींची जमीन अशी वाटली गेली नाही. ती सामाईक राहिली, तिथे बेताने तोड होत राहिली आणि ते जंगल आजही उभे आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात राखीव क्षेत्राची हद्द गर्द हिरव्या रंगाने उठून दिसते.

१९६१ साली मात्र सरकारने या क्षेत्राचा खास दर्जा काढून घेऊन त्याची एक काउंटी केली. काउंटी म्हटले की खर्च आला आणि खर्चाला कर हवा. तो मिळावा म्हणून तिथे कृत्रिम सरोवर करून काठाचे भूखंड बाहेरच्यांना विकायला सुरुवात झाली. मेनॉमिनींनी याविरुद्ध मोठी चळवळ केली. तिच्या प्रमुख नेत्या होत्या एडा डिअर. १९७३ साली सरकारला जुना दर्जा परत द्यावा लागला.

सरोवराचा काठ

दुसऱ्या महायुद्धानंतर या साऱ्या उत्तर भागातच सरोवरकाठच्या भूखंडांना मागणी आली. इथे हिमनदीने घडवलेली हजारो सरोवरे आहेत. प्रत्येकाला काठावर घर हवे. जमीनमालक काठाचे अरुंद तुकडे पाडून विकू लागले. गटारे नाहीत, म्हणून प्रत्येक घराची मैलाटाकी. टाकीतले सांडपाणी मातीत मुरते आणि मुरताना माती ते गाळून काढते, असा हिशोब. पण वाळूतून पाणी इतके झपाट्याने जाते की नीट गाळणीच होत नाही; चिकण मातीत ते मुरतच नाही. दोन्हीकडून घाण सरोवरात. फॉस्फरस वाढतो, शेवाळ माजते, मासे मरतात. म्हणजे इथेही प्रश्न मातीचाच.

१९६६ साली राज्याने प्रत्येक काउंटीला काठासाठी नियम करणे बंधनकारक केले. सरोवरापासून १००० फूट आणि नदीपासून ३०० फूट हा पट्टा त्यात धरला गेला. घर पाण्यापासून किमान ७५ फूट दूर हवे आणि गटार नसेल तिथे भूखंड किमान २०,००० चौरस फुटांचा हवा. आपल्या मापाने हे साधारण साडेअठरा गुंठे होतात.

मॅरिनेट काउंटीत एका मालकाने परवानगी न घेता आपल्या काठच्या दलदलीत वाळूची भर टाकली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७२ सालच्या 'जस्ट विरुद्ध मॅरिनेट काउंटी' या निकालाचा आशय असा होता: जमीन आपली असली, तरी तिचे मूळ नैसर्गिक स्वरूप बदलून, ज्यासाठी ती योग्य नाही आणि ज्यामुळे इतरांची हानी होते अशा कामाला ती लावण्याचा अनिर्बंध हक्क मालकाला नाही. ओनायडाच्या सभांत जे रस्त्याच्या आणि शाळेच्या खर्चाच्या भाषेत बोलले गेले होते, ते आता न्यायालय पाण्याच्या भाषेत बोलत होते.

हा वाद तिथे संपला असे नाही. २०१५ साली राज्याने कायदा करून, काठाबाबत राज्याच्या मानकांपेक्षा कडक नियम करण्यास काउंट्यांना मनाई केली. सेंट क्रॉय नदीकाठी शेजारशेजारचे दोन लहान भूखंड एकाच कुटुंबाकडे असतील, तर त्यातला एक वेगळा विकता येणार नाही, हा नियम जून २०१७मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राज्याने कायदा बदलून असे भूखंड विकण्यास मोकळीक दिली. मालकाचा हक्क आणि शेजाऱ्याचे पाणी यांची तराजू सतत हलती राहते.

आपल्या वर्गासाठी

जाता जाता पुन्हा आपल्या ३३ फुटी साखळीकडे येऊ. १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिच्यात मातीची खोली आणि दोष पाहून जमिनीचे नऊ वर्ग पाडले गेले. उत्तम जमीन सोळा आण्यांची, हलकी दोन आण्यांची. मातीची पारख अमेरिकेतल्यापेक्षा इथे कितीतरी आधी दप्तरात आली. मात्र ती सारा ठरवण्यासाठी होती. कोणती जमीन कशासाठी योग्य आणि तिचे किती लहान तुकडे पाडावेत, हा प्रश्न वेगळा. तुकड्यांचा प्रश्न आपल्याकडे १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने हाती घेतला.

विद्यार्थ्यांकडून दोन गोष्टी सहज करून घेता येतील. पहिली: ३३ फुटांची दोरी घ्या, शाळेचे आवार मोजा आणि त्याचे गुंठे काढा. दुसरी: आवारात दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खड्डा करा. त्यात पाणी ओतून ते आधी एकदा पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि पाण्याची पातळी एक इंच खाली जायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहा. एकाच आवारात आकडे वेगवेगळे येतील. ते नकाशावर त्या-त्या जागी लिहा. मैलाटाकी कुठे असावी, झाडे कुठे लावावीत आणि पुढची खोली कुठे बांधू नये, यावर मग वर्गात चर्चा होऊ द्या.

सभा टाऊनच्या सभेसारखीच होईल. ज्याची आवडती जागा 'बांधू नये' या यादीत जाईल तो भांडेल. त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. फक्त बोलताना समोर नकाशा असू द्या.